टीम प्लेऑफमध्ये अन् कोच दुसऱ्याच कॉलेजात! अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये असं का होतं?

३० नोव्हेंबर २०२५. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं ऑक्सफर्ड हे छोटं शहर. इथल्या मिसिसिपी विद्यापीठाची फुटबॉल टीम ‘ओल मिस’ नावाने ओळखली जाते. टीमने १२ पैकी ११ सामने जिंकले होते. नियमित सीझनमध्ये ११ विजय मिळवण्याची ही तिची पहिलीच वेळ. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये ती पहिल्यांदाच खेळणार, हेही जवळपास पक्कं होतं.

आणि त्याच दिवशी टीमचे हेड कोच लेन किफिन यांनी राजीनामा दिला. ते गेले ते थेट कट्टर प्रतिस्पर्धी लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीकडे, म्हणजे एलएसयूकडे. करार सात वर्षांचा, वर्षाला साधारण १.३ कोटी डॉलरचा. ते निघाले तेव्हा चिडलेले फॅन्स विमानतळावर जाऊन त्यांना शिव्या घालत होते.

आयपीएलमध्ये प्लेऑफच्या तोंडावर कोच दुसऱ्या टीमकडे निघून गेलाय, असं आपण कधी ऐकत नाही. मग अमेरिकेत हे कसं चालतं?

आधी हे प्लेऑफ प्रकरण काय आहे?

हा फुटबॉल म्हणजे मेस्सीवाला नाही. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू घेऊन खेळतात तो. कॉलेजच्या सर्वोच्च गटात १३० हून जास्त टीम आहेत आणि प्रत्येकीला नियमित सीझनमध्ये साधारण १२ सामनेच मिळतात. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. म्हणून एक निवड समिती क्रमवारी लावते.

२०१४ ते २०२३ या काळात प्लेऑफमध्ये फक्त चार टीम घेतल्या जायच्या. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने १३ पैकी १३ सामने जिंकले, तरी समितीने तिला बाहेर ठेवलं. कारण तिचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी होता. मोठा गदारोळ झाला. २०२४ पासून १२ टीम खेळतात. पहिली फेरी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आणि फायनल थेट २० जानेवारीच्या आसपास.

टीम वाढल्या, प्लेऑफ लांबलं. आणि गोची इथेच झाली.

कोच थांबू का शकत नाहीत?

याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे.

शाळेतून कॉलेजात येणारे खेळाडू डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सह्या करतात. २०२५ मध्ये ही तारीख ३ डिसेंबर होती, म्हणजे किफिन गेले त्यानंतर तीन दिवसांनी. पुढे २ ते १६ जानेवारी ‘ट्रान्सफर पोर्टल’ उघडं होतं. कॉलेज बदलू पाहणारे खेळाडू याच काळात नाव नोंदवतात. पूर्वी एप्रिलमध्येही अशी संधी असायची, ती आता बंद झाली.

म्हणजे सेमीफायनलच्या आठवड्यातच पुढच्या वर्षीची टीम बांधायची. ज्या कॉलेजकडे तेव्हा कोच नाही, त्याचं एक वर्ष वाया गेल्यात जमा. त्यामुळे एलएसयूला कोच लगेच हवा होता, जानेवारीअखेर नको होता.

आणि पैसा?

तो तर आहेच. एलएसयूने आधीचे कोच ब्रायन केली यांना ऑक्टोबरमध्ये काढलं. करार मध्येच मोडल्याची भरपाई सुमारे ५.४ कोटी डॉलर, म्हणजे साडेचारशे कोटी रुपयांहून जास्त! खुद्द राज्याचे गव्हर्नर जाहीरपणे भडकले. त्याच महिन्यात पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन यांना काढलं. याच फ्रँकलिन यांनी जानेवारीत टीमला सेमीफायनलपर्यंत नेलं होतं.

गंमत म्हणजे हे केलीसुद्धा २०२१ मध्ये नोट्र डेम ही टीम अशीच सोडून आले होते. तेव्हा नोट्र डेमच्याही प्लेऑफच्या आशा जिवंत होत्या.

पण मग किफिन यांना प्लेऑफपुरतं थांबू का दिलं नाही?

त्यांची तयारी होती. ओल मिसने नकार दिला. कारण सरळ आहे. जो माणूस पुढच्या वर्षी तुमच्याच विरुद्ध खेळणार, तो महिनाभर तुमच्या ड्रेसिंग रूममध्ये बसणार. वर पोर्टल उघडलं की तुमच्याच खेळाडूंना सोबत नेऊ शकणार.

किफिन यांना हा अनुभव नवा नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये ते अलाबामाचे सहायक कोच होते आणि दुसरीकडे हेड कोचची नोकरी घेऊन बसले होते. हेड कोच निक सेबन यांनी त्यांना फायनलच्या आठवडाभर आधी घरी पाठवलं. अलाबामा ती फायनल ३५-३१ अशी हरली.

मग कोचशिवाय ओल मिसचं काय झालं?

बचाव सांभाळणारे सहायक कोच पीट गोल्डिंग यांना हेड कोच केलं गेलं. पहिला सामना होता ट्युलेनशी. ट्युलेनचे कोच जॉन समरॉल यांनीही फ्लोरिडाची नोकरी घेतली होती, पण ते प्लेऑफ संपेपर्यंत थांबले. म्हणजे एका बाजूला कोच सोडून गेलेली टीम आणि दुसऱ्या बाजूला थांबलेल्या कोचची टीम. निकाल? ओल मिस ४१, ट्युलेन १०.

पुढे ओल मिसने जॉर्जियासारख्या बलाढ्य टीमला ३९-३४ असं हरवलं. सेमीफायनलमध्ये मायामीकडून ३१-२७ अशी निसटती हार झाली. आणि गोष्ट इथे संपत नाही. ओल मिस जिंकेल तसा बोनस किफिन यांना मिळावा, अशी सोय एलएसयूच्या करारात होती!

चूक कोणाची?

फॅन्सच्या लेखी किफिन गद्दार आहेत. राग समजण्यासारखा आहे, कारण त्या टीममधल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना ही संधी पुन्हा मिळणार नव्हती. पण फक्त त्यांना शिव्या देऊन पुढच्या डिसेंबरमध्ये हेच घडायचं थांबणार नाही.

व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, याला नियम आहे. सुपर बोल खेळणाऱ्या टीमच्या कोचशी दुसरी टीम तो सामना होईपर्यंत करार करू शकत नाही. तिथे ३२ टीम आणि एकच कार्यालय आहे. कॉलेज फुटबॉलला असा एक मालकच नाही. खेळाडूंचे नियम एनसीएए नावाची संस्था बघते, तर प्लेऑफ वेगवेगळ्या कॉन्फरन्स मिळून चालवतात.

आमचं मत विचाराल तर उपाय फार अवघड नाही. ट्रान्सफर पोर्टल फायनलनंतर उघडा. खेळाडूंच्या सह्या फेब्रुवारीत घ्या, पूर्वी मुख्य सह्या तेव्हाच व्हायच्या. मग डिसेंबरमध्ये कोच पळवण्याची घाई कोणालाच राहणार नाही. सेमिस्टर जानेवारीत सुरू होतं, ही अडचण खरी आहे. पण प्लेऑफ २० जानेवारीपर्यंत लांबवताना हेच सेमिस्टर आड आलं नव्हतं.

यंदाचा चॅम्पियन ठरला इंडियाना, १६ पैकी १६ सामने जिंकून. पेन स्टेटची खुर्ची रिकामी होताच चारच दिवसांत इंडियानाने आपले कोच कर्ट सिग्नेटी यांचा करार वाढवला होता. ते कुठेही गेले नाहीत.

आणि हो, २०२६ च्या सीझनमध्ये एलएसयूला ओल मिसशी खेळायचंय. सामना कुठे आहे? ऑक्सफर्डमध्ये.