मर्यादा कोणाची?

बॅटरी पूर्ण चार्ज केली, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं आणि मेनूमधला फर्मवेअरचा आकडा दोनदा वाचला: 2.0.2. तो जुळला नसता, तर पुढे जायचंच नव्हतं. कॅमेरा सेकंडहँड घेतलेला कॅनन ईओएस एम, 2012 साली आलेला कॅननचा पहिला मिररलेस. त्यावर मला ‘मॅजिक लँटर्न’ हे कंपनीबाहेरचं सॉफ्टवेअर चढवायचं होतं.

फर्मवेअर म्हणजे बटणापासून सेन्सरपर्यंत सगळ्यांना कामाला लावणारी, कॅमेऱ्यात कायम वस्तीला असलेली आज्ञावली. मॅजिक लँटर्न ती पुसत नाही. पहिल्या खेपेला ते कॅमेऱ्यात एक खूण करून ठेवतं: सुरू होताना कार्डावर आपल्यासाठी फाइल आहे का, ते बघ. फाइल सापडली की ती कंपनीच्या आज्ञावलीच्या जोडीनं चालू लागते. साधं कार्ड घातलं की कॅमेरा पूर्वीसारखा. मात्र ही फाइल कंपनीच्या आज्ञावलीतली कामं मेमरीतल्या ठरलेल्या पत्त्यांवरून बोलावते. आवृत्ती बदलली की पत्ते बदलतात आणि हाक भलत्याच घरात जाते. म्हणून आकडा दोनदा वाचायचा. ज्या कॅमेऱ्यावर पोट आहे त्यावर मी हे करणार नाही, कुणाला सुचवणारही नाही.

कॅमेरा पुन्हा सुरू केला, स्क्रीनवर दोन बोटं टेकवली आणि नवा मेनू उघडला. जास्त उजेडाची जागा दाखवणारे झेब्रा पट्टे, फोकसची कड उठवणारं पीकिंग, आवाजाची पातळी, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो रॉ, म्हणजे कच्चा, व्हिडिओ.

आवाजाच्या पातळीपासूनच याची सुरुवात झाली होती. 2009 साली ट्रॅमेल हडसन यांच्या हातात कॅननचा 5डी मार्क 2 होता. चित्र सुंदर, पण आवाज किती येतोय ते दिसत नव्हतं आणि कॅमेरा तो मनानंच कमीजास्त करायचा. त्या गरजेतून मॅजिक लँटर्न जन्मलं. पुढच्याच वर्षी विताली किसेलेव यांनी पॅनासॉनिकच्या जीएच1 या मिररलेसचं फर्मवेअर उकललं, मग जीएच2चं. शेन कॅरुथ यांचा ‘अपस्ट्रीम कलर’ हा 2013चा चित्रपट अशा हॅक केलेल्या जीएच2वरच चित्रित झाला. त्याच वर्षी मॅजिक लँटर्नच्या मंडळींना दिसलं, की स्क्रीनवर दृश्य दाखवताना 14 बिटांचं कच्चं चित्र कॅमेऱ्याच्या मेमरीत असतंच. कार्डावर जायचं ते पिळून लहान केलेलं.

कच्चं चित्र उतरवायचं तर हिशेब मांडावा लागतो. 1920×1080ची एक फ्रेम सुमारे 3.6 मेगाबाइटची. सेकंदाला 24 म्हणजे 87 मेगाबाइट. माझा कॅमेरा कार्डावर लिहितो सेकंदाला जेमतेम 40. मोठी चौकट निवडली, तेव्हा काही सेकंदांतच चित्रण आपोआप थांबलं. 1280×720ला आकडा 39च्या आत येतो, तिथे जमलं. कंपनीच्या नेहमीच्या व्हिडिओला मिनिटाला 330 मेगाबाइट पुरतात, याला सव्वादोन हजारांहून अधिक लागतात.

पहिली चाचणी घरातच घेतली. आई खिडकीशी मेथी निवडत बसली होती. बाहेर रणरणतं ऊन, आत सावली. खिडकीतला उजेड जळणार नाही, असं एक्स्पोजर धरलं. आई जवळजवळ काळी दिसत होती. संगणकावर फ्रेम डेव्हलप करताना आधी गुलाबी ठिपके दिसले. सेन्सरवरचे काही पिक्सेल फोकस शोधायला राखलेले असतात, त्यांच्या त्या खुणा. सॉफ्टवेअरकडे त्यांचा नकाशा असतो. शेजाऱ्यांच्या रंगांवरून ते जागा भरून काढतं. मग सावली हळूहळू उचलली. आईच्या बोटांवरचा मेथीचा ओलावा दिसू लागला आणि बाहेर पेरूची पानंही हिरवीच राहिली. आधी नेहमीच्या पद्धतीनं घेतलेल्या शॉटमध्ये खिडकी म्हणजे कोरा कागद होता.

या कामानं मला मर्यादा ओळखायला शिकवलं. युरोपात सलग 30 मिनिटं चित्रण करणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेरा धरला जाई आणि त्यावर जादा आयातशुल्क लागे; म्हणून कितीतरी कॅमेरे 29 मिनिटं 59 सेकंदांवर थांबत. ती मर्यादा कागदावरची होती आणि पॅनासॉनिकच्या कॅमेऱ्यांवर किसेलेव यांच्या हॅकनं ती उठवता येई. सेकंदाला 40 मेगाबाइटची माझी मर्यादा यंत्राच्या अंगातली. पहिलीशी भांडावं, दुसरीशी जुळवून घ्यावं. त्या दुपारी 720च्या लहान चौकटीत आई पुरी मावत नव्हती. मी उठलो आणि स्टूल दोन हात मागे सरकवलं.