शेवटच्या सेकंदाची बोली कुठे चालते, कुठे फसते?

बोरिवलीतला वन-बीएचके, मुलुंडचा गाळा, घाटकोपरचा फ्लॅट... बँकांच्या लिलावाच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांत सतत दिसतात. थकीत कर्जापोटी ताब्यात घेतलेली मालमत्ता जाहीर लिलावाने विकायची, तर २००२च्या ‘सरफेसी’ कायद्याच्या नियमांनुसार दोन वृत्तपत्रांत नोटीस द्यावी लागते. त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं हवं. बोली मात्र आता ऑनलाइन लागते. सरकारी बँकांच्या अशा लिलावांसाठी जानेवारी २०२५मध्ये ‘बँकनेट’ हे पोर्टल नव्याने सुरू झालं. घरबसल्या बोली लावणाऱ्या नवख्याचा बेत बहुधा एकच असतो: आधी गप्प बसायचं आणि शेवटचे दहा सेकंद उरले की डाव टाकायचा.

हा डाव इंटरनेटहून कितीतरी जुना आहे. सतराव्या शतकात लंडनमध्ये मेणबत्ती विझेपर्यंत लिलाव चाले. ज्योत मालवताना धूर खाली वळतो, हे हेरून ऐन क्षणी बोली लावणाऱ्या एका हुशार गड्याची गोष्ट सॅम्युएल पेपिसने १६६२च्या रोजनिशीत नोंदवली आहे.

मेणबत्तीची जागा पुढे घड्याळाने घेतली. २००४मध्ये ऑनलाइन लिलाव चालवणाऱ्या ‘ईबे’ने मुंबईची ‘बाझी डॉट कॉम’ विकत घेतली. ईबेवरच्या लिलावाची वेळ पक्की असे. ती संपली की लिलाव संपला. आपली कमाल रक्कम आधीच सांगून ठेवली, तर यंत्रणा गरजेपुरतीच बोली वाढवत नेई. तरीही जाणते लोक शेवटपर्यंत थांबत. लवकर बोली लावली की प्रतिस्पर्धी सावध होतो आणि चढाओढ सुरू होते. शिवाय जुन्या वस्तूंचा जाणकार बोलीत उतरला, की माल अस्सल आहे हे इतरांना फुकटात कळतं. धोका एवढाच, की उशिरा पाठवलेली बोली कधी वेळेत पोहोचतच नाही.

अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी २००२मध्ये ईबेची तुलना अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी केली. अ‍ॅमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली, की मुदत पुढे सरके. तिथे ऐनवेळच्या बोली बऱ्याच कमी निघाल्या. ईबेवर अनुभवी लोक जास्त उशिरा बोली लावत, अ‍ॅमेझॉनवर नेमकं उलट. म्हणजे वागणं ठरत होतं ते लिलाव संपवण्याच्या नियमावरून.

बँकांचे लिलाव या दुसऱ्या जातीचे. बहुतेक नोटिशींत अखेरच्या पाच मिनिटांत बोली आल्यास आणखी पाच मिनिटांची मुदतवाढ असते. आपल्याकडच्या तोंडी लिलावातलं ‘एक वार, दोन वार, तीन वार’ हेच तर करतं: नवी बोली आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. अशा ठिकाणी दहा सेकंद राखून टाकलेल्या बोलीने समोरच्याला विचार करायला पाच मिनिटं मिळतात, इतकंच.

इथे खरी मुदत असते ती अनामत रक्कम भरण्याची. ती साधारणपणे राखीव किमतीच्या १० टक्के असते. समजा, राखीव किंमत ९० लाख आहे. ९ लाख आधी भरल्याशिवाय बोलीच लावता येत नाही. फ्लॅट एक कोटीला मिळाला, तर त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी एकूण २५ लाख पुरे करायचे, म्हणजे आणखी १६ लाख. उरलेले ७५ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत भरायचे. लेखी संमतीने मुदत वाढू शकते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. पैसे चुकले, तर भरलेली रक्कम जप्त होते. अशी २५ टक्क्यांची जप्ती सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये वैध ठरवली.

‘जसं आहे, जिथे आहे’ ही अटही महागात पडू शकते. आधीच्या मालकाची वीजबिलाची थकबाकी अशा लिलावातल्या खरेदीदाराकडून वसूल होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये सांगितलं. म्हणून पाहणीच्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठून मेंटेनन्सची थकबाकी विचारावी, घरात कुणी राहतंय का ते पाहावं, वकिलाकडून कागद तपासून घ्यावेत आणि गृहकर्जाबद्दल बँकेचा होकार आधीच मिळवावा. घरासाठी आपण देऊ शकतो त्या रकमेतून थकबाकी आणि दुरुस्तीचा खर्च वजा जाता जो आकडा उरेल, तीच आपली कमाल बोली. ती कागदावर लिहून ठेवावी आणि मुदत कितीही वेळा वाढली, तरी ओलांडू नये.