काल गाणं कसं झालं?

डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव चालू असतो तेव्हा आणि त्यानंतरचे आठ-पंधरा दिवस एक प्रश्न घरोघर, कट्ट्याकट्ट्यावर विचारला जातो: काल गाणं कसं झालं? उत्तरं बहुधा ठरलेली असतात. ‘अप्रतिम’, ‘अंगावर काटा आला’, ‘शब्दच नाहीत’, नाहीतर ‘पूर्वीसारखी मजा राहिली नाही’. व्हॉट्सअ‍ॅपवर तर तेवढेही शब्द खर्च होत नाहीत. दुरून काढलेला रंगमंचाचा फोटो आणि जोडलेल्या हातांची दोन चिन्हं पुरतात. वर्तमानपत्रातली बातमीही फारसं वेगळं काही सांगत नाही. दीपप्रज्वलन कोणी केलं, सत्कार कोणाच्या हस्ते झाला, आणि मग कलाकाराने रसिकांना मंत्रमुग्ध केलं. बरं, ही सगळी माणसं चार-पाच तास बैठक मारून, पाय आखडेपर्यंत ऐकून आलेली असतात. म्हणजे ऐकण्यात कसर नसते, ती सांगताना पडते. आणि हिंदुस्थानी संगीताच्या बाबतीत ही कसर वाटते त्यापेक्षा महाग पडते, असं माझं म्हणणं आहे. ख्यालगायकी मैफलीत समोरासमोर घडते, तिची संहिता आधी लिहिलेली नसते. जे घडलं त्यातलं बरंचसं यंत्रात उतरत नाही. ते उरतं ते ऐकणाऱ्याच्या सांगण्यात, आणि सांगण्यात नुसती विशेषणं असतील तर तिथेही उरत नाही.

याचा सगळ्यात ठळक पुरावा आपल्याच इतिहासात आहे. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे गुरू, पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक, आणि तरी त्यांच्या आवाजाची एकही तबकडी आज आपल्याकडे नाही. कोल्हापूर दरबारात शाहू महाराजांच्या पदरी असलेले अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते. तोवर ग्रामोफोनला चाळीस वर्षं होऊन गेली होती, पण त्यांचाही आवाज मागे राहिला नाही. मग ते मोठे होते हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो? एक तर शिष्यांच्या गळ्यातून जे पुढे आलं त्यावरून, आणि दुसरं म्हणजे गोविंदराव टेंब्यांसारख्या ऐकणाऱ्यांनी जे लिहून ठेवलं त्यावरून. टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक. ‘माझा संगीत व्यासंग’ लिहिताना ते मोठ्या गवयांच्या गाण्याकडे भक्ताच्या नजरेने पाहतात हे खरं, पण कारागिराची नजरही सोडत नाहीत. तान कशी उचलली जाते, लय कशी खेळवली जाते, समेवर कुठल्या वाटेने येणं होतं, हे त्यांना सांगावंसं वाटतं. त्यांनी नुसतं ‘खाँसाहेब अलौकिक गायले’ एवढंच लिहिलं असतं, तर आज आपल्या हाती एक आदरणीय नाव उरलं असतं, गायकी नव्हे.

ज्यांच्या तबकड्या निघाल्या त्यांचं तरी काय? १९०२ साली कलकत्त्यात भारतातलं गायनाचं व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं, आणि गौहरजान त्यातल्या अगदी सुरुवातीच्या गायिकांपैकी एक. पुढची पन्नासेक वर्षं तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचं एक आवर्तन सावकाश लयीत पाऊण मिनिट सहज घेतं. अमीरखाँनी पुढे रूढ केलेल्या अतिविलंबित झुमऱ्यात त्याहून अधिक. म्हणजे बडा ख्याल तबकडीवर घ्यायचा म्हटलं तर जेमतेम चार आवर्तनं! साहजिकच गवयांनी लय वाढवली, आलापी छाटली, तानांना पुढे आणलं. केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली, तीही साडेतीन मिनिटांच्या आतबाहेरची आहे. ती ऐकून केसरबाईंच्या आवाजाचा कस कळतो. पण एकेका रागाची बांधणी करताना त्यांची बैठक कशी चढत जायची, तार षड्जाला किती वेळ राखून ठेवलं जायचं, हे तीन मिनिटांतून कळणं शक्य नाही. त्यासाठी समोर बसलेल्यांचं सांगणंच लागतं. जुन्या तबकड्या ऐकून ‘तेव्हाचे लोक भराभरा गायचे’ असा समज करून घेणारे आजही भेटतात. तबकडीच्या लांबीचा गुण त्यांनी गाण्याला चिकटवलेला असतो.

यावर लगेच म्हटलं जाईल, ही अडचण तेव्हाची. आता पूर्ण मैफल चार कॅमेऱ्यांनी टिपली जाते आणि रात्रीत यूट्यूबवर येते, श्रोत्याच्या साक्षीची गरज काय? आक्षेप वजनदार आहे आणि त्यातला अर्धा भाग मान्यच करायला हवा. कोणता राग, कोणती बंदिश, किती वेळ, या प्रश्नांसाठी आता कोणाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहावं लागत नाही. पण यंत्र काय गाळतं तेही पाहावं. फोनमधला ध्वनिमुद्रक आवाजाची पातळी आपोआप सारखी करत असतो: हळू असेल तर वाढवतो, मोठा असेल तर दाबतो. बोलणं टिपायला ही सोय उत्तम. गाण्यात मात्र कुजबुजीएवढा लावलेला मंद्र पंचम आणि मोकळ्या गळ्याने दिलेली पुकार जवळजवळ एका पातळीवर येतात, आणि लहानमोठेपणावर उभी असलेली सगळी रचना सपाट होते. व्यावसायिक मुद्रणात हे टळतं, पण तिथे आवाज मिक्सरमधून येतो, सभागृहातून नव्हे. गायकाला मॉनिटर नीट ऐकू येत नव्हता म्हणून पहिली दहा मिनिटं तो बिचकत गात होता, किंवा मागच्या रांगांत तबल्याचा डग्गा घुमून बोल कळत नव्हते, हे त्या मुद्रणात सापडणार नाही. उलट ऐकणाऱ्याला वाटेल, गवई आज काही रंगात नव्हता.

शिवाय मैफल म्हणजे केवळ आवाज नाही, ती कुठल्या वेळेला आणि कुठल्या परिस्थितीत झाली हेही तिच्यात आलं. सवाईचंच पाहा. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांच्या पुण्यतिथीनिमित्त १९५३ साली भीमसेन जोशींनी हा उत्सव सुरू केला. पुढे कित्येक वर्षं तो रात्ररात्र चालायचा. शाल-स्वेटर, थर्मासमधला चहा, मध्यरात्रीचा दरबारी किंवा मालकंस आणि उजाडताना तोडी किंवा भैरव हा त्याचा क्रम होता. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अंमलबजावणी कडक केली, आणि उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला. वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती बारापर्यंत सवलत मिळते, एवढंच. नियम चूक होता असं मला म्हणायचं नाही. शेजारी आजारी माणूस असेल तर त्याला दरबारीचं कौतुक सांगता येत नाही. पण परिणाम झाला. उत्सव दुपारी सुरू होऊ लागला, आणि भीमपलास, मुलतानी, मधुवंती, मारवा, पूरिया धनाश्री यांची चलती झाली. उत्तररात्रीच्या रागांना मांडवात वेळच उरली नाही. पन्नास वर्षांनी कोणी आजची मुद्रणं एका ओळीत लावली, तर त्याला दिसेल की या काळात संध्याकाळचे राग फार गायले जात. का, हे मात्र ध्वनिफीत सांगणार नाही. ‘साडेनऊ वाजले तसे बुवांचं लक्ष घड्याळाकडे जाऊ लागलं आणि द्रुत आटोपती घेतली’ असं एका श्रोत्याने लिहिलेलं वाक्य ते सांगेल.

दुसरा आक्षेप खुद्द श्रोतेच घेतात. ‘आम्हाला रागातलं काय कळतं? आवडलं एवढं खरं.’ ही नम्रता प्रामाणिक असेल, पण ती चुकीच्या समजावर उभी आहे: मैफलीबद्दल बोलायचं म्हणजे शास्त्र सांगायचं, असा तो समज. मराठीत संगीतावर लिहिणाऱ्यांत केशवराव भोळे संगीतकार होते आणि ‘घरंदाज गायकी’ लिहिणारे वामनराव देशपांडे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. दोघेही गाणं शिकलेले, तेव्हा त्यांचं उदाहरण देऊन सामान्य श्रोत्याला धीर येईल असं नाही. म्हणून जरा खालच्या पायरीवरचं उदाहरण घेऊ. मारवा आणि पूरिया या दोन रागांत स्वर तेच आहेत, फरक आहे तो कुठल्या स्वरावर वजन द्यायचं आणि कुठला टाळायचा यात. न शिकलेल्या श्रोत्याने नाव सांगताना घोळ केला तर त्यात नवल नाही. पण ‘गायिका षड्जावर येतेय येतेय असं वाटायचं आणि ती यायचीच नाही, बराच वेळ जिवाला हुरहुर लागल्यासारखं झालं’ असं त्याने सांगितलं, तर जाणकार ओळखतो, हा मारवा असणार. नाव बरोबर सांगून पुढे ‘सुंदर’ म्हणणाऱ्यापेक्षा या माणसाने अधिक सांगितलं. आवाज लागायला किती वेळ गेला, तानपुरे मध्येच पुन्हा जुळवावे लागले का, बंदिशीचे शब्द ऐकू आले का, कुठली जागा पुन्हा पुन्हा येत राहिली, मांडव कधी चिडीचूप झाला आणि चुळबुळ कधी सुरू झाली, लोक चहाला कधी उठले: यातल्या एकाही गोष्टीला विशारद व्हावं लागत नाही. एकताल मोजता न येणाऱ्याचीही मान समेवर हलते. तिथे नेमकं काय झालं हे आठवून पाहणं, एवढाच काय तो जास्तीचा उद्योग.

असं टिपत बसलो तर रस कसा घ्यायचा, असंही विचारतात. मांडवात वही उघडून बसावं असं कोणी म्हणत नाही. फोन उभा धरून अख्खी तान पडद्यावर पाहणाऱ्यापेक्षा वहीवाला निदान मागच्यांच्या आड तरी येत नाही. घरी परतताना सोबत्याशी बोलावं, दुसऱ्या दिवशी चार ओळी लिहाव्यात. त्यानं रस उणावत नाही. विस्मरणात गेलेल्या दोन-चार जागा परत मिळतात.

खरा अवघड आक्षेप आवडीनिवडीचा आहे. शेवटी ज्याची त्याची आवड, एकाला रंगलेलं दुसऱ्याला लांबलेलं वाटणार, मग असल्या साक्षीची किंमत किती? इथे वामनरावांचं पुस्तक कामी येतं. त्यांनी घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली: किराणा स्वराकडे झुकलेलं, आग्रा लयीकडे, आणि जयपूर दोन्हींचा तोल सांभाळणारं. ते स्वतः मोगूबाई कुर्डीकरांकडे, म्हणजे जयपूर घराण्यात शिकलेले. हा निवाडा घरचाच आहे, असा आक्षेप कोणालाही घेता येतो. पण तो घेता येतो कशामुळे? त्यांनी प्रत्येक घराण्याचा आवाज कसा लागतो, आलाप कसा वाढतो, लयीशी नातं कसं असतं हे उलगडून दाखवलं म्हणून. त्यांचा कल वजा करूनही निरीक्षण हाती राहतं, आणि किराण्याचा चाहता त्याच निरीक्षणावरून उलट निष्कर्ष काढू शकतो. नुसत्या आवडीशी वाद घालता येत नाही, कारणांसकट सांगितलेल्या आवडीशी येतो. दोन श्रोत्यांच्या हकिगती एकमेकांशी जुळल्या नाहीत तरी बिघडत नाही; कुठे जुळत नाहीत यावरूनही मैफलीबद्दल काही कळतं. पुढे बसलेल्याला भरदार वाटलेला आवाज मागच्याला कर्कश वाटला असेल, तर दोष रुचीचा की कर्ण्याचा, हा प्रश्न तरी विचारता येतो.

तपशिलाने कलाकारावरही अन्याय कमी होतो. आजकाल तरुण गायकाच्या एका पडलेल्या मैफलीवर ‘दम नाही’ असा शेरा पडतो आणि तो शंभर फोनवर जातो. त्याऐवजी ‘पहिली वीस मिनिटं मंद्रात आवाज लागत नव्हता, मध्य सप्तकात आल्यावर मोकळा झाला, झपतालातली मध्यलय बंदिश सगळ्यात जमली’ असं कोणी लिहिलं, तर टीका होतेच, पण त्या गायकाला तिचा उपयोग आहे. स्तुतीचंही तेच. ‘साक्षात सरस्वती’ म्हटल्याने कुठली जागा पोचली हे गाणाऱ्याला कळत नाही.

आणि एका बाबतीत श्रोत्यांच्या सांगण्यावाचून इलाज नाही. कार्यक्रमपत्रिकेवर मुख्य कलाकाराचं नाव ठळक असतं, तबला आणि पेटी लहान अक्षरांत, आणि मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांची नावं अनेकदा छापलीच जात नाहीत. निवेदक ती घाईत उच्चारतो, टाळ्यांत विरून जातात. खुद्द मुद्रणातही कॅमेरा त्यांच्यावर क्षणभरच थांबतो. पण गुरू दमले की आलापाचा धागा तेच उचलतात, आणि पुढे ज्यांना आपण तिकीट काढून ऐकतो ते गवई बहुधा आधी कित्येक वर्षं याच जागेवर बसलेले असतात. डावीकडच्या तानपुऱ्यावरच्या मुलीने तार गंधार गुरूंपेक्षा जरा अधिक वेळ धरला आणि गुरूंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, ही गोष्ट त्या रात्री पाच-पन्नास लोकांनी पाहिलेली असते. दुसऱ्या दिवशी त्यांना कोणी विचारतं, काल गाणं कसं झालं, आणि ते म्हणतात, अप्रतिम.