चार घोट इथे, चार घोट तिथे: फिरत पिताना रक्तात काय चालतं?

तोक्योच्या शिंजुकू भागात गोल्डन गाई नावाची एक छोटीशी वस्ती आहे. सहा अरुंद बोळ आणि त्यात दाटीवाटीने बसलेले दोनशेच्या वर बार. काही बार इतके लहान की पाच-सहा माणसं बसली की दार लावायचं. परक्या माणसाला पाटी वाचता येत नाही, नुसतं बसण्याचे वेगळे पैसे पडतात हे ठाऊक नसतं, आणि कुठे फक्त ओळखीच्या गिऱ्हाइकालाच घेतात हेही कळत नाही. म्हणून तिथे वाटाड्या घेऊन फिरायची पद्धत रुजली. संध्याकाळी जमायचं आणि त्याच्या मागे तीन-चार बार करायचे. असं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात पिण्याला जपानीत 'हाशिगो-झाके' म्हणतात. अर्थ, 'शिडीची दारू'.

हा शब्द मला फार आवडतो, कारण अशा संध्याकाळी रक्तातल्या अल्कोहोलचा आलेख काढला तर तो खरंच शिडीसारखा, पायऱ्या-पायऱ्यांनी वर जाताना दिसतो. आजचा लेख त्या पायऱ्यांबद्दल आहे.

जपान राहू द्या, नाशिक घ्या

आपल्याकडे याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे नाशिकच्या वायनरी. गंगापूर धरणाच्या आसपास सुला, यॉर्क, सोमा अशा वायनरी एकमेकींपासून थोड्या अंतरावर आहेत. सुलाने २००५ मध्ये टेस्टिंग रूम सुरू केली आणि 'वायनरी बघायला जाणं' हा सहलीचा प्रकार झाला. एक माणस तुम्हाला टाक्या, पिंपं दाखवतो, मग ओळीने चार-पाच वाइन थोड्या थोड्या चाखायला देतो. ते झालं की गाडी काढायची आणि पुढची वायनरी.

तसं पाहिलं तर नेवाशाला वाइन नवी नाही. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांच्या पथकाने १९५४ ते १९५६ या काळात इथे उत्खनन केलं. त्यात सातवाहन काळातल्या थरांत दोन कानांच्या परदेशी कुंभांचे तुकडे निघाले. भूमध्य समुद्राकडून वाइन, तेल वगैरे भरून यायचं ते अशा कुंभांमधून. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी माल समुद्र ओलांडून गिऱ्हाइकापर्यंत यायचा. आता गिऱ्हाईक मालापर्यंत जातं, आणि मुख्य म्हणजे त्याला त्याच दिवशी परत यायचं असतं. सगळी गोम या परतीत आहे.

'फक्त चाखली' म्हणजे किती?

समजा एका वायनरीत पाच वाइन मिळाल्या, प्रत्येकी ४० मिलिलिटर. झाली २०० मिलिलिटर. वाइनमध्ये साधारण १२.५ टक्के अल्कोहोल धरू, म्हणजे २५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, एका मिलिलिटरचं वजन ०.७९ ग्रॅम. तेव्हा एका थांब्यावर तुमच्या पोटात गेलं जवळजवळ २० ग्रॅम.

असे तीन थांबे केले तर सुमारे ६० ग्रॅम. आता १८० मिलिलिटरची क्वार्टर घ्या, ४२.८ टक्क्यांची व्हिस्की. तिचा हिशेब केला तर उत्तर येतं ६१ ग्रॅम. म्हणजे तीन ठिकाणी 'नुसती चाखली' म्हणणाऱ्याने एक क्वार्टर रिचवलेली असते. ग्लास लहान होते, त्यामुळे ते जाणवलं नाही इतकंच.

यकृत म्हणजे साखर कारखाना

आपल्या तालुक्यातल्या माणसाला हा भाग समजावणं सोपं आहे. गाळप हंगामात भेंडे किंवा सोनईच्या कारखान्यावर काय होतं आठवा. कारखान्याची रोजची गाळप क्षमता ठरलेली असते. यार्डात पन्नास गाड्या आल्या काय किंवा पाचशे आल्या काय, गव्हाणीत ऊस पडणार तो ठरलेल्या वेगानेच. जास्त गाड्या आल्या म्हणून कारखाना जास्त वेगाने चालत नाही, रांग मात्र वाढते.

यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं विकर असंच काम करतं. थोड्याशा अल्कोहोलनेच ते पूर्ण क्षमतेला पोचतं. त्यापुढे तुम्ही कितीही प्या, रक्तातलं अल्कोहोल कमी होणार ते तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅम याच वेगाने. माणसामाणसात हा आकडा १० ते २० च्या दरम्यान बदलतो, पण तुमच्या इच्छेने बदलत नाही. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, यातल्या कशानेही गव्हाण जोरात फिरत नाही. कॉफीने डोळे उघडे राहतात. यार्डातली रांग तेवढीच असते.

पायऱ्या मोजू या

एरिक विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये एक साधं सूत्र मांडलं. न्यायवैद्यकात ते आजही वापरतात. प्यायलेल्या अल्कोहोलच्या वजनाला शरीराच्या वजनाने भागायचं, पण अख्ख्या वजनाने नाही. अल्कोहोल पाण्यात मिसळतं, चरबीत फारसं जात नाही. म्हणून पुरुषांसाठी वजनाचा ०.६८ आणि स्त्रियांसाठी ०.५५ इतका भाग धरतात. मग गेलेल्या प्रत्येक तासाचे १५ वजा करायचे.

७० किलोचा पुरुष, थांबे दुपारी १२, २ आणि ४ वाजता:

- १२ वाजता: ४१ मिलिग्रॅम
- २ वाजेपर्यंत उतरून ११, दुसरा थांबा धरून ५२
- ४ वाजेपर्यंत उतरून २२, तिसरा थांबा धरून ६३

५५ किलोची स्त्री, तेच थांबे, तेवढीच वाइन:

- १२ वाजता: ६५ मिलिग्रॅम
- २ वाजेपर्यंत उतरून ३५, दुसरा थांबा धरून १००
- ४ वाजेपर्यंत उतरून ७०, तिसरा थांबा धरून १३५

आता कायदा बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपल्या हिशेबातला पुरुष सव्वासहाच्या आधी या रेषेखाली येत नाही, आणि स्त्री रात्री ११ च्या आधी येत नाही. पूर्ण शून्यावर यायला पुरुषाला रात्रीचे सव्वाआठ वाजतात, स्त्रीला एक. नाशिकहून सिन्नर-शिर्डीमार्गे नेवाशाला यायला तीन-चार तास धरा. साडेचारला निघालेली गाडी जवळजवळ अर्धा किंवा त्याहून जास्त रस्ता कोणत्या अवस्थेत कापते ते तुम्हीच बघा.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. हे गणित ढोबळ आहे. मी प्रत्येक थांब्यावरची वाइन एका क्षणात रक्तात गेली असं धरलंय. प्रत्यक्षात ती हळूहळू जाते, पोट भरलेलं असेल तर आणखी हळू, आणि शिखर थोडं खाली राहतं. पण हळू भिनते म्हणजे कधीकधी तुम्ही गाडीत बसल्यावरही आकडा चढतच असतो. तेव्हा 'माझा आकडा ३० च्या खाली आहे' हे सिद्ध करायला हे सूत्र वापरू नका. 'माझा आकडा वर असू शकतो' हे कळायला मात्र ते पुरेसं आहे.

'आता उतरलीये' या वाटण्यावर विश्वास का ठेवू नये

१९१९ मध्ये एडवर्ड मेलनबी या इंग्लिश शास्त्रज्ञाने एक विचित्र गोष्ट नोंदवली. रक्तात अल्कोहोलचं प्रमाण तेवढंच असलं, तरी ते चढत असताना नशा जास्त दिसते आणि उतरत असताना कमी. मेंदू काही तासांतच थोडासा सरावतो. म्हणून ६० वर चढताना डोकं हलकं वाटतं, आणि ६० वर उतरताना 'मी एकदम ओके' वाटतं.

नंतरच्या संशोधनातून आणखी एक बाब पुढे आली. उतरताना जी गोष्ट लवकर सावरते ती मुख्यतः आपली भावना. अचानक समोर काही आलं तर ब्रेक दाबायला लागणारा वेळ आणि चुका टाळण्याची क्षमता तितकी सावरलेली नसते. तिसऱ्या थांब्यानंतर चहा पिऊन 'चल, मीच चालवतो' म्हणणारा मित्र खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं. अडचण तीच आहे.

जपानी माणसाचा लाल चेहरा

पुन्हा कारखान्यात येऊ. ऊस पिळला की रस निघतो, आणि त्या रसावर पुढची प्रक्रिया व्हावी लागते. ती बंद पडली तर रस साचून सगळा घोटाळा. यकृतातही दोन टप्पे आहेत. पहिल्यात अल्कोहोलचं अॅसिटाल्डिहाइड होतं, आणि हा पदार्थ विषारी आहे. दुसऱ्या टप्प्यात एएलडीएच-२ नावाचं विकर त्याचं निरुपद्रवी अॅसिटेट करतं.

सुमारे ४० टक्के जपानी लोकांच्या या दुसऱ्या विकराच्या जनुकात एक छोटा बदल असतो. हे विकर चार तुकडे जुळून बनतं, आणि त्यातला एक तुकडा सदोष असला तरी अख्खा रेणू बिघडू शकतो. त्यामुळे आईवडिलांपैकी एकाकडूनच बदल आला असला तरी विकराचं काम निम्म्याहून बरंच कमी होतं. अॅसिटाल्डिहाइड साचतं. एका ग्लासातच चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळतं. असा माणूस नियमित पीत राहिला तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा त्याचा धोका इतरांपेक्षा खूप वाढतो.

साहजिकच वाटेल की हे लोक दारूपासून लांबच राहत असतील. एका मर्यादेपर्यंत ते खरं होतं. पण १९९४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हिगुची आणि सहकाऱ्यांनी जपानमधल्या दारूच्या व्यसनी रुग्णांची आकडेवारी दिली. त्यांच्यात हा बदल असणाऱ्यांचं प्रमाण १९७९ मध्ये २.५ टक्के होतं, १९८६ मध्ये ८ टक्के झालं आणि १९९२ मध्ये १३ टक्के. तेरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. बदलला तो समाज, पिण्याचे प्रसंग, सोबत्यांचा आग्रह. शरीर नको म्हणत असताना माणसं प्यायला शिकली.

आपल्याकडे हा बदल फार कमी आढळतो. म्हणजे ती धोक्याची घंटाही आपल्याकडे सहसा वाजत नाही. चेहरा लाल झाला नाही म्हणजे दारू 'सोसते' असं समजायचं कारण नाही. अॅसिटाल्डिहाइड प्रत्येकाच्या शरीरात तयार होतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरोग्यासाठी सुरक्षित असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही.

घोळक्याचा वेग

१९७५ मध्ये कॉडिल आणि मारलॅट यांनी अमेरिकेत एक मजेशीर प्रयोग केला. विद्यार्थ्यांना वाइनची चव ठरवायला बोलावलं. सोबत बसलेला माणूस प्रत्यक्षात संशोधकांचाच होता. तो भरपूर प्यायला तेव्हा विद्यार्थीही जास्त प्यायले, तो जपून प्यायला तेव्हा तेही कमी प्यायले. कोणी कोणाला आग्रह केला नव्हता, नुसता शेजार पुरला.

घोळक्याने फिरताना वेग ठरवतो तो सगळ्यात भरभर पिणारा. चांगला वाटाड्या इथे कामी येतो. तो दोन थांब्यांमध्ये चालायला लावतो, मध्ये खायला घालतो, घड्याळ बघतो. पण गोल्डन गाईतून माणूस रेल्वेने घरी जातो. नाशिकच्या द्राक्षमळ्यातून तो स्वतःच्या गाडीने निघतो.

जपानमध्येही पिऊन चालवण्याची मर्यादा आपल्याइतकीच आहे, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. फरक हा की २००७ पासून तिथे चालकाला दारू देणारा, गाडी देणारा आणि माहीत असून शेजारी बसणारा, तिघांनाही शिक्षा होऊ शकते. शिवाय 'दाइको' नावाची सेवा आहे. फोन केला की दोघं येतात, एक तुमची गाडी तुमच्या घरी पोचवतो, दुसरा त्याला न्यायला मागून दुसरी गाडी घेऊन येतो.

मग करायचं काय?

- चालवणारा घर सोडण्यापूर्वी ठरवा, आणि त्याला 'तू फक्त टेस्ट कर' म्हणू नका. टेस्टचा हिशेब वर केलाच आहे.
- चालवणाऱ्याला चवच बघायची असेल तर पिकदाणी मागा. व्यावसायिक वाइन-परीक्षक घोट तोंडात घोळवून थुंकतात. त्यात काही कमीपणा नाही.
- आधी नीट जेवा. जेवणाने शिखर खाली येतं, एकूण ग्रॅम मात्र तेवढेच राहतात.
- सगळ्यांनाच प्यायचं असेल तर मुक्काम करा किंवा चालकासह गाडी ठरवा. १०,००० रुपयांच्या दंडापुढे हे स्वस्त पडतं.
- गाडीत बसलेल्यांनीही बोला. आपल्या कायद्यात शेजारी बसणाऱ्याला जपानसारखी शिक्षा नाही, पण झाडावर आदळणारी गाडी सीट बघून माणसं निवडत नाही.

एवढं लक्षात राहिलं तरी पुरे: घोट किती घ्यायचे हे तुमच्या हातात असतं, ते किती वेळात उतरतील हे नसतं. कारखान्याच्या गेटवर थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. नंबर येईपर्यंत थांबावंच लागतं.