मोहोराच्या दिवसांतली हवा

जानेवारी २०२१ मध्ये वातावरण फाउंडेशन या पर्यावरण संस्थेने हवेचं प्रदूषण दाखवण्यासाठी नवी मुंबईतल्या खारघरमध्ये पांढऱ्या फुप्फुसांची मोठी प्रतिकृती उभारली. दहा दिवसांत ती काळी पडली. शेजारच्या तळोजा एमआयडीसीतल्या कारखान्यांकडून रात्री-पहाटे उग्र वास येतो, ही इथल्या रहिवाशांची जुनी तक्रार. त्याच हवेत सोसायट्यांमधले आंबे, जांभळं, पेरूही वाढताहेत.

अंधार पडला की पानांवरची रंध्रं बहुतांशी मिटतात, म्हणून रात्रीच्या वायूपासून झाड बरंचसं बचावतं. घात होतो तो उजाडल्यावर. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही, रात्रभरचा धूर खालीच साचतो आणि ऊन पडताच रंध्रं उघडतात. सल्फर डायऑक्साइड आत शिरतो, पानातल्या ओलाव्यात विरघळतो आणि हरितद्रव्य मोडू लागतो. शिरांमधला भाग पिवळा, मग तपकिरी होतो. फ्लोराइड टोकाला आणि कडांना साचतं, त्यामुळे पान तिथून करपतं. धूळ प्रकाश अडवते, रंध्रं बुजवते. आणि हिवाळ्याचे नेमके हेच दिवस आंब्याच्या मोहोराचे! शिवाय डाग दिसण्याआधीच पानाचं अन्न बनवणं मंदावलेलं असतं. मला जास्त काळजी वाटते ती या न दिसणाऱ्या नुकसानीची.

धुराचा फटका फळालाही बसतो. उत्तर भारतात वीटभट्ट्यांच्या धुराने आंब्याच्या फळाचं टोक काळं पडतं. या ‘ब्लॅक टिप’वर बोरॅक्स फवारतात, पण खरा इलाज भट्टी बागेपासून लांब नेणं हाच.

आपल्याकडे धुराविरुद्धची लढाई नेटाने लढलं ते चिकूच्या बागांचं डहाणू. १९९१ मध्ये केंद्राने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, तरी पुढे तिथे कोळशावरचं ५०० मेगावॉटचं वीजकेंद्र उभं राहिलं. चिकूला जवळपास वर्षभर फुलं-फळं असतात, म्हणजे धुरापासून सुटकेचा मोसमच नाही. बागायतदारांनी उत्पन्न घटल्याची तक्रार लावून धरली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या आदेशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणूच्या पर्यावरणासाठी प्राधिकरण आलं. त्याच्या रेट्यामुळे धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसली, पण तोवर २००७ उजाडलं. इतका उशीर व्हायला नको होता.

खारघरमध्ये एकाच करपलेल्या पानावरून दोष हवेला देऊ नये. पाण्याचा ताण आणि खारट माती यांनीही कडा जळतात. कारखान्यांकडच्या आणि पलीकडच्या फांद्या ताडून पाहाव्यात. आंबा, जांभूळ, पेरू अशा वेगवेगळ्या झाडांवर एकाच बाजूला खुणा दिसल्या, तर संशय पक्का होतो. मग दोन्ही बाजूंची पानं सल्फर आणि फ्लोराइडसाठी प्रयोगशाळेत तपासून घ्यावीत, आणि तो अहवाल तक्रारीला जोडावा.