कलकत्त्याचे रंगपंचांग

आषाढ शुद्ध द्वितीयेच्या सुमारास ज्ञानेश्वर व तुकोबा यांच्या पालख्या पंढरीच्या वाटेवर असतात. त्याच तिथीस पूर्वेकडे जगन्नाथाचा रथ निघतो, आणि कलकत्त्याच्या उत्तर भागात, चितपूर नावाच्या जुन्या रस्त्यावर, आणखी एका यात्रेचा मुहूर्त होतो. या रस्त्याचे आजचे नाव रवीन्द्र सरणी. येथे जात्रा-मंडळ्यांच्या कचेऱ्या आहेत. त्यांना बंगालीत ‘गदी’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडील पेढीची गादीच. रथयात्रेच्या दिवशी या गाद्यांवर पूजा होते, मिठाई वाटली जाते, वृत्तपत्रांतून नव्या हंगामातील खेळांच्या जाहिराती झळकतात, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून खेळ ठरविण्यासाठी माणसे येतात. गावाच्या वतीने खेळ ठरविणाऱ्या अशा माणसास तेथे ‘नायेक’ म्हणतात.

नायेकाने खेळ पाहिलेला नसतो. पुष्कळदा त्या खेळाच्या तालमीही पुऱ्या झालेल्या नसतात. त्याच्यापुढे असते ते नाटकाचे नाव, चार प्रमुख नटांची नावे आणि त्या मंडळीचा लौकिक. तेवढ्यावर तो हिवाळ्यातील एखादी रात्र आपल्या गावासाठी मागून घेतो, विसार देतो आणि परत जातो. मंडळी त्याचे नाव वहीत लिहून घेते. त्या वहीतील ओळी भरत जातात तसतसा पुढच्या वर्षाचा हंगाम आकारास येतो.

महाराष्ट्रातील श्रोत्यास हा व्यवहार अनोळखी वाटणार नाही. पुणे जिल्ह्यातील नारायणगावी दरवर्षी चैत्री जत्रांच्या तोंडावर तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच तेथे येतात, फडाची पारख करतात, भाव ठरवितात आणि आपल्या देवाच्या जत्रेची सुपारी देतात. आपण ‘सुपारी’ म्हणतो तेथे बंगाली माणूस ‘बायना’ म्हणतो, इतकाच भेद. दोन्हीकडे देवाचा उत्सव, दोन्हीकडे गावची वर्गणी, आणि दोन्हीकडे अद्याप न झालेल्या खेळावर आगाऊ टाकलेला विश्वास. रंगभूमीचा इतिहास बहुधा नाटककार आणि नट यांच्या नावांनी लिहिला जातो. आधी शब्द देऊन मग खेळाची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकाचे नाव त्यात सहसा येत नाही. कलकत्त्याचे नाट्य आणि संगीत समजून घ्यावयाचे तर प्रारंभ या प्रेक्षकापासून करावा लागतो.

जात्रा म्हणजे यात्राच. देवाच्या मिरवणुकीत जी गाणी आणि सोंगे होत, त्यांतून हा प्रकार वाढला असे मानले जाते. तिच्या जुन्या रूपात पडदा नसे, देखावे नसत. मध्यभागी उंचवट्याची मोकळी जागा, तिच्या सभोवती प्रेक्षक, कडेला वादकांचा ताफा आणि नटांनी ये-जा करण्यासाठी प्रेक्षकांमधून सोडलेली वाट, एवढेच तिचे नेपथ्य. चोहोंकडून माणसे पाहत असल्यामुळे नटास कोणाकडेही पाठ करून भागत नाही. त्यामुळे आवाज खणखणीत, हालचाल ठसठशीत आणि शब्द दूरवर पोहोचणारा असावा लागतो. ‘विवेक’ नावाचे एक पात्र मधेच प्रवेश करते आणि पापाच्या वाटेवर निघालेल्या नायकास गाण्यातून सावध करते. एके काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. चपल भादुरी हे नट ‘चपलराणी’ या नावाने जे लोकप्रिय झाले, त्याचे मर्म बालगंधर्वांच्या महाराष्ट्रास वेगळे समजावून सांगावयास नको.

दुर्गापूजेपासून मंडळ्या फिरतीवर निघतात त्या ज्येष्ठाच्या सुमारास परततात. मधल्या काळात आज एका जिल्ह्यात तर उद्या दुसऱ्या, असा क्रम असतो. अवेळी पाऊस आला की खेळ मोडतो. शालान्त परीक्षांच्या दिवसांत ध्वनिक्षेपकावर निर्बंध येतात. म्हणून रथयात्रेच्या दिवशी हाती पडणारा विसार हा नफा नसतो. त्यातून तालमी चालतात, पोशाख शिवले जातात आणि नटांना उचल मिळते. तो न आला तर खेळ रंगणे दूरच, तो जन्मासच येत नाही. २०२० साली महासाथीमुळे गावोगावचे उत्सव थांबले, तेव्हा चितपूरच्या वह्या आणि नारायणगावच्या राहुट्या एकाच वर्षी ओस पडल्या.

शहरातील नाटकाची रीत निराळी. कलकत्त्यात २७ नोव्हेंबर १७९५ रोजी गेरासिम लेबेदेव या रशियन वादकाने बंगाली नटनटींकडून नाटकाचा प्रयोग करविला, हा बंगाली रंगभूमीचा पहिला टप्पा मानतात. पुढे कित्येक वर्षे नाटके धनिकांच्या वाड्यांत होत, आणि आमंत्रण असेल त्यासच तेथे प्रवेश मिळे. ७ डिसेंबर १८७२ रोजी ‘नॅशनल थिएटर’ने दीनबंधू मित्र यांचे ‘नीलदर्पण’ तिकीट लावून केले, तेव्हा दार सर्वांस उघडले. मराठीत विष्णुदास भावे यांनी मुंबईत १८५३ सालीच तिकिटाचे खेळ केले होते. तिकीट ही वरवर क्षुल्लक वस्तू; परंतु तिने नाटक धनिकाच्या मर्जीतून सोडविले आणि अनोळखी माणसाच्या हाती दिले.

त्या अनोळखी माणसासाठी थिएटर उभे करताना एका नटीने काय मोल दिले, तेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बिनोदिनी दासी ही त्या काळची श्रेष्ठ अभिनेत्री. तिच्या आश्रयदात्याच्या पैशातून १८८३ साली नवे थिएटर उभे राहिले. त्यास तिचे नाव दिले जाईल असे तिला सांगितले होते. प्रत्यक्षात नाव पडले ‘स्टार’. काही वर्षांतच तिने रंगभूमी सोडली. आपल्या आत्मचरित्रात तिने ही हकीकत लिहून ठेवली आहे. ‘स्टार’ पुढे १८८८ साली हातीबागान भागात नव्या जागी आले, १९९१ साली आगीत भस्मसात झाले आणि २००४ साली महापालिकेने ते पुन्हा उभारून उघडले. २०२४ च्या अखेरीस त्यास बिनोदिनीचे नाव देण्याचे जाहीर झाले. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी दिलेला शब्द असा उशिरा पाळला गेला.

हातीबागान हा एके काळी व्यावसायिक थिएटरांचा मोहल्ला होता. गुरुवारी, शनिवारी आणि रविवारी तेथे खेळ होत, आणि एकच नाटक शेकडो प्रयोग चाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही परंपरा मावळली. मात्र तिच्या शेजारी दुसरी एक परंपरा तोवर बळावली होती. १९४४ साली ‘नवान्न’ या नाटकाने बंगालच्या दुष्काळाचे दर्शन रंगभूमीवर घडविले. त्याच्या दिग्दर्शकांपैकी एक शंभू मित्र यांनी १९४८ साली सहकाऱ्यांसह ‘बहुरूपी’ ही संस्था काढली, आणि तेथून ‘ग्रुप थिएटर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या चळवळीस जोर आला. या संस्थांतील बहुतेक माणसे दिवसा कचेरीत, शाळेत वा बँकेत काम करीत आणि संध्याकाळी तालमीस जमत. पुण्या-मुंबईच्या हौशी संस्थांसारखाच हा संसार.

अशा बहुतेक संस्थांना स्वतःचे थिएटर नसते. कॅथीड्रल रस्त्यावरील अकादमी ऑफ फाइन आर्ट्सचे प्रेक्षागृह, त्याच्या जवळचे रवीन्द्र सदन, किंवा शहरातील दुसरे एखादे सभागृह यांची एक तारीख मिळविणे हाच त्यांचा मोठा उद्योग. तारीख मिळाली की भाडे भरावयाचे, वर्तमानपत्रात लहानशी जाहिरात द्यावयाची आणि तिकिटे खपतात की नाही याची चिंता करावयाची. डिसेंबर महिन्यात ‘नान्दीकार’ संस्थेचा राष्ट्रीय नाट्यमहोत्सव भरतो. १९८४ साली सुरू झालेल्या या महोत्सवामुळे अन्य प्रांतांचे नाटक कलकत्त्यास पाहावयास मिळू लागले.

नाटकांची ही देवघेव त्यापूर्वीही चालू होती. विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली मुंबईत ‘रंगायन’ने रंगभूमीवर आणले. चार वर्षांनी, १९७१ साली, ‘बहुरूपी’ने ते बंगालीत केले, दिग्दर्शन शंभू मित्र यांचे आणि बेणारेबाईंची भूमिका तृप्ती मित्र यांची. त्या नाटकातील मंडळीही एका गावी रात्रीच्या प्रयोगाची वाट पाहत बसलेली असते. वेळ घालविण्यासाठी तिने मांडलेला खोटा खटला एका स्त्रीच्या आयुष्याचा खरा खटला होऊन बसतो. उलट दिशेने बादल सरकार यांची नाटके महाराष्ट्रात आली. सत्यदेव दुबे आणि अमोल पालेकर यांनी ती मुंबईच्या रंगभूमीवर रुजविली. सरकारांनी पुढे तिकीट आणि रंगमंच दोन्ही सोडले आणि खोल्यांतून, उद्यानांतून प्रेक्षकांच्या मध्ये उभे राहून नाटक केले. जात्रेच्या आखाड्यात चोहोंकडून नटास पाहणारा प्रेक्षक अशा रीतीने शहरातही परतला.

पौष लागला की पंचांगात संगीताचे पान येते. १९३४ साली ‘ऑल बेंगॉल म्युझिक कॉन्फरन्स’चे उद्‌घाटन रवीन्द्रनाथ ठाकूर यांच्या हस्ते झाले, आणि संस्थानिकांच्या दरबारातील गाणे या शहरात सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग रुंदावला. १९५२ साली दक्षिण कलकत्त्यातील डोव्हर लेनमध्ये मोहल्ल्यातील हौशी मंडळींनी सुरू केलेली परिषद आज त्या गल्लीत भरत नाही, पण नाव तेच राहिले आहे. जानेवारीच्या उत्तरार्धात, रवीन्द्र सरोवराजवळील नजरुल मंच या सभागृहात, चार रात्री ती चालते. संध्याकाळी सुरू झालेली बैठक पहाटेपर्यंत लांबते. श्रोते शाली आणि कानटोप्या घेऊन येतात. कलावंत बदलताना बाहेर चहा घेऊन पुन्हा जागेवर बसतात.

रात्रभर जागण्यात हौसेपलीकडे एक कारण आहे. आपल्या रागसंगीतात रागास प्रहर असतो. संध्याकाळच्या बैठकीत यमन, पूरिया, बागेश्री ऐकावयास मिळतात. परंतु ललत, भैरव किंवा तोडी ऐकावयाची तर पहाट उजाडावी लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावरील ध्वनिक्षेपकास मनाई केली. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि रात्र-रात्र चालत असे. या नियमांपुढे त्यास आपल्या वेळा बदलाव्या लागल्या. नियमांत बंदिस्त सभागृहांस सवलत आहे, आणि डोव्हर लेनची परिषद छताखाली भरते. त्यामुळे उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग त्यांच्या घटकेला ऐकण्याची सोय तेथे टिकून आहे. हजारो माणसे झोप बाजूस ठेवून बसतात म्हणून तिला अर्थ. ती माणसे मध्यरात्री उठून घरी गेली, तर ललत ऐकणार कोण?

या श्रोत्यांनी महाराष्ट्र आणि गोमंतक येथील गाण्यास फार पूर्वीच आपलेसे केले. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांच्या गाण्याचे रवीन्द्रनाथांना मोठे कौतुक होते, आणि ‘सुरश्री’ ही त्यांची पदवी कलकत्त्याच्या संगीतप्रेमींच्या संस्थेने दिलेली आहे. गाणे शिकण्यासाठी घर सोडलेले भीमसेन जोशी लहानपणी या शहरात अभिनेते पहाडी सान्याल यांच्या घरी राबले. पुढे याच शहराने त्यांना डोक्यावर घेतले. व्हायोलिनवादक विष्णु गोविंद जोग येथील आकाशवाणीत काम करीत येथेच स्थायिक झाले आणि २००४ साली येथेच निवर्तले. पांढरकवड्याचे उल्हास कशाळकर १९९३ साली टॉलीगंज येथील संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून आले आणि बंगाली शिष्यांच्या गळ्यावर त्यांनी ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर घराण्यांची तालीम चढविली.

यात इतिहासाची एक गंमत आहे. १७४२ साली मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भयाने कलकत्त्यातील लोकांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. खंदक पुढे बुजला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली मात्र राहिली. ज्या भागात एके काळी मराठी माणूस येऊ नये म्हणून जमीन खणली गेली, तेथून जवळच आज चितपूरच्या गाद्यांवर पुढच्या हंगामाच्या रात्री नोंदल्या जातात. आणि त्याच शहरात मराठी गवयाची पहाटेची बैठक ऐकण्यासाठी माणसे महिना-महिना आधी तिकिटे काढतात.

घरबसल्या गाणे आणि नाटक दाखविणारी साधने आज मुबलक आहेत, आणि त्यांना वेळेचे वा ऋतूचे बंधन नाही. चितपूरचा नायेकही आपल्या खिशातील यंत्रावर वाटेल तो खेळ पाहू शकतो. तरीही रथयात्रेच्या दिवशी तो गाडीत बसून शहरात येतो. कारण गावास हवा असतो तो आपल्या अंगणात, आपल्या रात्री, आपल्यासमोर होणारा खेळ, आणि तो आधी कोणी तरी मागितल्यावाचून होत नाही. गादीवरचा कारकून वही उघडतो, मोकळी तारीख शोधतो आणि तिच्यापुढे गावाचे नाव लिहितो. नाटकाचा पहिला प्रवेश तेथेच होतो.