दुकानातला रंग घरी का बदलतो?

शेडकार्डावर आवडलेला फिकट पिस्ता रंग घरच्या भिंतीवर राखाडी वाटतो, तेव्हा दोष रंगाऱ्याचा असेलच असं नाही. रंग भिंतीवर जेवढा असतो, तेवढाच तो उजेडातही असतो. २७०० केल्विनचा पिवळसर दिवा निळ्या-हिरव्या छटा मंदावतो, तर ६५०० केल्विनचा पांढरा दिवा त्याच छटा उठावदार करतो. शिवाय समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंगीत प्रकाश टाकतात, त्यामुळे चारही भिंती रंगल्या की छटा अधिक गडद भासते.

फिनिशचंही शास्त्र आहे. गुळगुळीत ग्लॉस प्रकाश एकाच दिशेला परतवतो, म्हणून भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. मॅटचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. तो प्रकाश चहूकडे विखुरतो आणि उणिवा झाकतो, पण त्यावरचे डाग सहज पुसले जात नाहीत. त्यामुळे छताला मॅट आणि स्वयंपाकघराला या दोहोंमधलं, पुसता येणारं सॅटिन शोभतं.

डबा घेण्याआधी भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवा. दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या. मग तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहा. वर्षानुवर्षं सोबत राहणाऱ्या भिंतीसाठी एवढा एक दिवस जरूर द्यावा.